कधीच न काढलेला फोटो

वैरागची माणसं ठरल्या वेळेच्या आधीच दारात येऊन उभी राहिली, आणि सगळं तिथूनच बिघडत गेलं, असं महादेवी पुढं कितीतरी दिवस म्हणत राहिली.

अक्षता तेव्हा स्वयंपाकघरात शेंगापोळ्या लाटत होती. केस विंचरायचे राहिले होते, नेसायची साडी पलंगावर घडी घातलेली तशीच होती. बाहेर गाडीचं दार वाजलं, शिवानंदकाकांचा "या, या, या" असा दणदणीत आवाज आला, आणि सासूनं, महादेवीनं, तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"जा. तोंड धू आधी. हे मी बघते."

"अप्पा आले का, अव्वा?"

"कुठले येतायत! हार आणायला म्हणून गेलेत. वाटेत कोण जुना विद्यार्थी भेटला असंल, तर बसले असतील चहा पीत."

सासऱ्यांना, मडिवाळप्पा मास्तरांना, वाटेत कुणी ना कुणी भेटायचंच. उभी हयात त्यांनी सोलापुरातल्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवलं होतं, आणि शाळेबाहेरचा वेळ माणसांचे चेहरे काढण्यात घालवला होता. घरातलं कुणी गेलं की लोक पासपोर्ट साइजचा फोटो घेऊन यायचे आणि मास्तर त्यावरून हातभर उंचीचं तैलचित्र करून द्यायचे. बघणारा आधी म्हणायचा, "फोटो चांगला आलाय," आणि मग जवळ जाऊन बोट लावायचा. ते बोट लावणं हेच मास्तरांचं बक्षीस. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी लोकांची कामं बंद केली होती. गेल्या दिवाळीपासून ते वरच्या खोलीत एकाच मोठ्या कॅनव्हासवर काम करत होते. मुंबईच्या प्रदर्शनात पाठवायचंय एवढंच ते सांगायचे. खोलीतून खाली उतरताना चित्रावर चादर टाकायचे, आणि ती चादर उचलायची घरात कुणाची छाती नव्हती.

साडी नेसताना अक्षताला आपले हात थंड पडल्याचं जाणवलं. भीतीनं नव्हे. उलट, कितीतरी दिवसांनी आपल्याला काहीतरी हवंसं वाटतंय, याचाच संकोच तिला होत होता.

तिच्या नवऱ्याला, नंदीशला, जाऊन पाच वर्षं होत आली होती. करोनाच्या साथीच्या त्या दुसऱ्या उन्हाळ्यात तो स्वतःच्या पायानं चालत रिक्षात बसला, आणि पुन्हा दिसला नाही. लिंगायताच्या घरातलं माणूस गेलं की त्याला बसवतात, विभूती लावतात, हातात लिंग देतात आणि मातीत ठेवतात. नंदीशच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. पिशवीत बांधून नेलेलं त्याचं शरीर परक्या माणसांनी जाळलं. घरच्यांना चेहरा दिसला नाही तो नाहीच. अक्षता तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. माहेरी परत जा म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण ती सासूसासऱ्यांपाशीच राहिली. टॉवेलच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला लागली. आणि मागच्या वर्षी एके दिवशी जेवताना मडिवाळप्पाच म्हणाले, "या पोरीला जन्मभर आपल्या दुःखाला टांगून ठेवायचं नाही. तिला मुलगी म्हणून देऊ या."

मग शिवानंदकाकांनी, म्हणजे मडिवाळप्पांच्या धाकट्या भावानं, हे स्थळ काढलं. चन्नवीर. वैरागच्या बाजारपेठेत बी-बियाण्यांचं दुकान. पहिलं लग्न वर्षभरातच मोडलेलं, मूलबाळ नाही. अक्षता त्याला दोनदा भेटली होती; आज लग्न पक्कं करायचं होतं. माणूस कमी बोलणारा. पण दुसऱ्या भेटीत त्यानं विचारलं होतं, "तुम्हाला वैरागात करमेल का?" आपल्याला कुठं करमेल, हे तिला पाच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

ती ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा काका रंगात आले होते. चन्नवीरची आई अंबुबाई भिंतीवरच्या नंदीशच्या आजोबांकडं मान वर करून बघत होत्या.

"फोटो लई साफ हाय," त्या म्हणाल्या.

"फोटो नाही हो! आमच्या अण्णानं काढलंय. हातानं. बोट लावून बघा की."

अंबुबाईंनी खरोखरच उठून बोट लावलं. "अगं बया! डोळं बगा की कसं पानीदार!"

"अण्णाचं एक आहे बघा," काका मांडी ठोकत म्हणाले. "फोटोत जे नाही ते काढायचं नाही. फोटोत नसलेला तीळसुद्धा घालत नाहीत. आणि वर जे चाललंय ना, ते मुंबईला जाणाराय. या, दाखवतो."

"भावजी!" महादेवी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. हाताला पीठ होतं, आणि चेहरा पिठापेक्षा पांढरा झाला होता. "वर नको. त्यांना येऊ दे आधी."

"असू दे की, वहिनी. पाहुण्यांनी बघितलं तर अण्णा काय रागावणाराय? उलट खूश होतील."

काका जिना चढायलाही लागले. मागून अंबुबाई, त्यांच्या मागं चन्नवीर. अक्षतानं सासूकडं बघितलं. सासूनं नजर चुकवली. आज सकाळी सकाळी तुळशीपाशी दोघी बसल्या होत्या, तेव्हा हीच बाई तिचा हात धरून म्हणाली होती, "जा बाई, सुखानं जा." ती नजर आता जिन्याकडं लागली होती. अक्षता ट्रे तिथंच ठेवून वर गेली.

खोलीत जवसाच्या तेलाचा वास कोंडला होता. काकांनी खिडकी उघडली आणि चादरीचं टोक धरून ओढलं.

चादर जमिनीवर पडली.

याच घराची मागची गच्ची. दिवाळीतली सकाळ. सतरंजीवर सगळे फराळाला बसलेले. मडिवाळप्पा चष्मा कपाळावर चढवून काहीतरी सांगतायत, महादेवी ताट पुढं सरकवतेय. कोपऱ्यात स्टीलचा तांब्या, आणि त्याच्या फुगीर पोटात वाकडं होऊन उमटलेलं आभाळ, कठडा, आणि हातात मोबाइल धरून फोटो काढणारी छोटीशी सिद्धेश्वरी. नंदीशची धाकटी बहीण. मधोमध नंदीश.

अक्षताला पहिल्यांदा तोच दिसला. मागून आलेल्या उन्हानं त्याच्या कानाची पाळी लालसर झाली होती. दाढी केल्यावर हनुवटीखाली नेहमी राहायचे तसे दोन केस राहिले होते. पण हा तो रिक्षात बसलेला नंदीश नव्हता. याचे केस कपाळावरून मागं सरले होते. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या आल्या होत्या. पोट थोडं सुटलं होतं. तो असता तर आत्ता जसा असता, तसा होता. क्षणभर तिला वाटलं, हा कुठंतरी होता इतके दिवस. मला सोडून कुठंतरी मोठा होत होता.

मग तिला स्वतःचा चेहरा दिसला. ती त्याच्याकडं बघून हसत होती. आणि तिच्या मांडीवर चारेक वर्षांचं एक पोर बसलं होतं. नंदीशचं नाक, तिची हनुवटी. एका हातात अर्धी चकली, ओठाला तेल लागलेलं, खालच्या पापणीच्या कडेला ओलावा. नुकतंच रडून थांबलेलं असावं.

तिनं दाराची चौकट धरली.

"ह्यो कोन?" अंबुबाईंनी विचारलं.

काका चित्रापासून मागं सरकले. "हा... नंदीश. आमचा."

"आन् ही हीच हाय की. मग मांडीवर लेकरू कुनाचं?"

अंबुबाईंचे डोळे इकडंतिकडं फिरले. चित्राशेजारच्या भिंतीवर, चिकटपट्टीनं लावलेला, पेन्सिलीनं चौकटी आखलेला एक चकचकीत फोटो होता. त्यात हेच सगळं होतं. हीच गच्ची, हीच माणसं, हेच पोर.

"ह्यो बगा फोटो. ह्याच्यावरनंच काढलंय." त्यांनी मुलाला खूण केली. "चन्नवीर, त्या भितीवरलं क्यालेंडर वाच रं. कवाचं हाय?"

चन्नवीर वाकला. फोटोतल्या गच्चीच्या दारामागं, खोलीतल्या भिंतीवर, अंगठ्याएवढं कॅलेंडर दिसत होतं. त्याची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. "मागच्या दिवाळीचं आहे," तो हळूच म्हणाला.

"मागल्या दिवाळीला नवरा जिता व्हता?" अंबुबाईंचा आवाज चढला. "आन् चार वर्साचं पोर? कुटं ठिवलंय ते? आमाला म्हनलात नवरा वारला, मूलबाळ न्हाय. आन् ही तांब्यात तुमची पोरगी फोटो काढतीया, ती बी खोटी का?"

"अहो, नाही हो... गैरसमज... नंदीश खरंच..." काका चाचरत होते. आत्ताच खाली ते सांगून आले होते, की फोटोत नसलेला तीळसुद्धा अण्णा काढत नाहीत. तेच वाक्य त्यांच्या मानेवर बसलं होतं.

ओले केस टॉवेलात गुंडाळून सिद्धेश्वरी धावत वर आली. ती पुण्याला एका स्टुडिओत सिनेमासाठी कॉम्प्युटरवर दृश्यं तयार करायचं काम करायची. कालच घरी आली होती. दारातच तिनं उघडं चित्र बघितलं, मग वहिनीकडं बघितलं, आणि तिच्या तोंडून "अय्यो" एवढंच निघालं.

"काकू, हा फोटो नाही," ती अंबुबाईंना म्हणाली. "असा फोटो कधी काढलेलाच नाही. मी कॉम्प्युटरवर बनवलाय."

"कॉम्पुटरवर फोटो बगत्यात, बाई. बनत्यात व्हय?"

"दाखवते."

ती लॅपटॉप घेऊन आली. मास्तरांच्या रंगांच्या नळ्या बाजूला सारून तिनं तो टेबलावर उघडला. पडद्यावर तीच गच्ची आली. तिनं बोट फिरवलं तशी गच्ची गोल फिरली. माणसांच्या पाठी दिसल्या, वरून टाळू दिसल्या. अंबुबाई एक पाऊल मागं सरकल्या.

"दादाला मी कॉलेजात असताना खुर्चीवर बसवलं होतं," सिद्धेश्वरी सांगू लागली. "चारी बाजूंनी फोटो काढले होते, प्रोजेक्टसाठी. त्यावरून त्याचं डोकं तयार झालं. मग वय वाढवलं. कातडीत उजेड थोडा आत शिरतो आणि लाल होऊन बाहेर येतो, ते नाही जमलं की माणूस मेणाचं दिसतं. डोळ्याच्या कडेला पाण्याची रेघ..." बोलता बोलता ती ऑफिसात बोलल्यासारखी बोलायला लागली होती. तिचं तिलाच कळलं आणि ती थांबली. मग तिनं एक कळ दाबली.

सगळ्यांच्या अंगावरचे रंग गेले. उरली ती राखाडी माणसं, ओल्या शाडूची असावीत तशी. डोळ्यांच्या जागी नुसते गोळे. नंदीश, अक्षता, आणि ते पोर.

"बंद करा," चन्नवीर म्हणाला. आल्यापासून त्याचा पहिल्यांदाच ठाम आवाज आला. "कळलं आम्हाला. बंद करा ते."

तिनं लॅपटॉप मिटला.

अंबुबाईंचा संशय फिटला होता, पण चेहरा उतरला तो वर आला नाही. त्या खाली स्टुलावर बसल्या. "बरं. नवरा गेला त्यो गेलाच. मान्य. पन एक सांगा. नवरा खरा व्हता, सासूसासरा खरं हायती, घर खरं हाय. मग त्यातच न झालेलं लेकरू कशाला केलं?"

सिद्धेश्वरीनं मान खाली घातली. काका खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. दारात येऊन उभी राहिलेली महादेवी पदराला पीठ पुसत राहिली.

शेवटी अक्षताच बोलली.

"झालं होतं," ती म्हणाली. "म्हणजे, होणार होतं. ते गेले तेव्हा मला तीन महिने झाले होते. त्यांच्यामागं आठ दिवसांनी गेलं."

ही गोष्ट जगात दोघींनाच माहीत होती. तिला आणि सासूला. त्या रात्री न्हाणीघरात सासूनंच तिला धरलं होतं, सासूनंच फरशी धुतली होती, आणि सासूच म्हणाली होती, "हे आपल्या दोघींतच मरू दे."

"तुम्ही अप्पांना सांगितलं, अव्वा," अक्षता म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

महादेवीनं हातातला पदर सोडला. "मी एवढंच म्हटलं गं. एकदा रात्री त्यांना झोप येईना. मी म्हटलं, ते पोर असतं तर आता शाळेत गेलं असतं. एवढंच. मला काय ठाऊक ते..."

जिन्यावर पावलं वाजली. मडिवाळप्पा हारांचा पुडा छातीशी धरून वर आले. "गाडी बघितली खाली. लवकर आलात..." म्हणत ते आत शिरले, आणि उघड्या चित्रासमोर उभी असलेली माणसं बघून जागच्या जागी थांबले.

"अण्णा," काकांच्या तोंडातून जहर निघालं, "एका हातानं पोरीचं लग्न ठरवता, आणि दुसऱ्या हातानं तिला वरती बांधून ठेवता?"

मास्तरांनी पुडा टेबलावर ठेवला. "चादर कुणी काढली?"

"चादरीचं सोडा. पाहुण्यांना सांगा हे काय आहे ते."

मास्तरांनी अंबुबाईंना हात जोडले. चाळीस वर्षं ज्याच्या चित्राला लोकांनी फोटो म्हटलं, त्या माणसाला आता तोंडानं सांगावं लागत होतं, आणि शब्द अडखळत होते. "हे खोटं आहे, ताई. यातलं काही घडलेलं नाही. ही दिवाळी झाली नाही. माझा मुलगा या वयाचा झाला नाही. हे मूल... हे जन्मलं नाही. मी काढलंय, पण हे नाही."

अंबुबाई उठल्या. त्यांच्या आवाजात मघाचा राग नव्हता, आणि त्यामुळंच तो आवाज जास्त जड वाटला. "मास्तर, लेकरू गेल्याचं मला काय न्हाय. माजी बी दोन गेली. पोरीनं सांगितलं असतं तर मी तिला जवळ घेतली असती. पन ह्या घरात तुमचा पोरगा अजून जेवायला बसतोय. त्याच्या ताटावरनं उठवून मी पोरगी कशी न्यू?"

त्या खाली उतरल्या. महादेवी "जेवून तरी जा" म्हणत मागं धावली. जेवण काही झालं नाही. पाणीही अर्धंच पिऊन झालं.

चन्नवीर मात्र जिन्याच्या वळणावर थांबला होता. अक्षता खाली येताना त्यानं वाट सोडली नाही.

"मुलाचं मला काही वाटत नाही," तो म्हणाला. "खरं सांगतो."

"मी सांगणार होते. लग्नाआधी सांगणारच होते."

"असेल." तो आपल्या बुटांकडं बघत होता. "तुम्ही चित्रात त्यांच्याकडं बघताय ना... मी सारखं तेच बघत होतो. आपण दोनदा भेटलो. तुम्ही चांगलं बोललात. पण तसं नाही बघितलं."

"ती मी नाही हो. सिद्धीनं कुठल्या तरी जुन्या फोटोतून घेतलं असेल ते हसणं."

"म्हणजे कधीतरी होतंच की ते."

तो अजून काही म्हणेल म्हणून ती उभी राहिली. खालून आईची हाक आली आणि तो गेला. गाडी मोहोळच्याही पुढं गेली नसेल तोवर शिवानंदकाकांचा फोन वाजला. काकांनी ऐकून घेतलं, "बरं, बरं" म्हणाले, आणि फोन खिशात टाकून चपला घातल्या.

"नको म्हणतायत. आता दुसरं स्थळ बघायला मला सांगू नका," ते उंबऱ्यावरून म्हणाले. "आधी वरचा संसार मोडा, मग खालचा मांडा." ते गेले, आणि घर एकाएकी मोठं झालं.

दुपारी कुणी जेवलं नाही. हुग्गीच्या खिरीवर साय धरली. अक्षता साडी न बदलता पलंगावर बसून राहिली. सिद्धेश्वरी येऊन तिच्या पायाशी बसली.

"वहिनी, मला मार. काही तरी बोल."

"ते बाळ बनवायला किती दिवस लागले तुला?"

सिद्धेश्वरीला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "बरेच. सारखं चुकायचं. नुसते दोन चेहरे मिसळले की कुणाचंच दिसत नाही. मग लहानपणीचे दादाचे फोटो, तुझे माहेरचे फोटो..." तिचा आवाज चिरकला. "एके दिवशी ते एकदम आपलं दिसायला लागलं. मी ऑफिसात रडले. अप्पांना पाठवलं तर त्यांनी दोन दिवस उत्तरच दिलं नाही. वहिनी, तुला विचारायला पाहिजे होतं, हे मला ठाऊक होतं. पण तू नको म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाही."

"म्हणून विचारलं नाही."

अक्षतानं तिच्या ओल्या केसांवर हात ठेवला, पण कुरवाळलं नाही. मग उठली आणि वर गेली.

मडिवाळप्पा चित्रासमोर स्टुलावर बसले होते. ती आल्याचं त्यांना कळलं, पण ते वळले नाहीत.

"चाळीस वर्षं लोक यायचे," ते म्हणाले. "म्हणायचे, मास्तर, आमच्या बापाला कोट घाला. बापानं जन्मात कोट बघितलेला नसायचा. मी घालायचो. माझ्या लग्नातल्या कोटाचा फोटो समोर ठेवून, शिवणीसकट काढायचो. ते घरी नेऊन भिंतीवर लावायचे, आणि नातवंडांना वाटायचं, आजोबा कोट घालायचे. कुणाचं काही बिघडलं नाही. मला वाटलं, माझ्या पोराला मी तेवढं का देऊ नये?"

"कोट आणि मूल एक नव्हे, अप्पा."

"नव्हे."

"त्यांना दिलंत ते ठीक. पण माझं तोंड तुम्ही मला न विचारता घेतलंत. मी खाली तुम्हाला भाकरी वाढत होते, आणि वर तुम्ही मला त्यांच्या शेजारी बसवत होता. लग्नही ठरवत होता. दोन्ही एकाच वेळी कसं केलंत?"

मास्तरांनी शेजारची रंगाची चिंधी उचलून तिची घडी घातली. "खाली आलो की तुझं भलं दिसायचं," ते म्हणाले. "वर आलो की त्याचा चेहरा दिसायचा. आम्ही बघितला नाही ना गं तो. शेवटचा. मला तो एकदा नीट बघायचा होता. एवढ्या जवळून, रोज. तू शेजारी नसलीस तर तो हसेना. सिद्धीनं किती करून बघितलं. तुला बसवलं, आणि तो हसायला लागला." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पांढरा आणतो. सगळ्यावर फिरवतो. मुंबईला जायचं नाही हे."

महादेवी आणि सिद्धेश्वरी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. पांढरा म्हणताच महादेवीच्या घशातून हुंदक्यासारखं काहीतरी निघालं, आणि तिनं तोंडावर पदर धरला. तीही रोज गुपचूप येऊन त्या पोराला बघत असणार, हे अक्षताला त्या आवाजावरून कळलं.

ती चित्राच्या जवळ गेली. अगदी जवळून बघितल्यावर नंदीश नाहीसा झाला. नुसते बारीक बारीक ठिपके उरले, लाल, पिवळे, निळसर. एक पाऊल मागं घेतलं की पुन्हा नंदीश. ती असं दोनतीनदा पुढंमागं झाली.

"त्यांना पुसू नका," ती म्हणाली. "मला काढा."

"म्हणजे?"

"मला एकटीला काढा त्यातून. बाकी सगळं राहू द्या."

सिद्धेश्वरी पुढं आली. "वहिनी, पण ते तुझ्या मांडीवर बसलंय. तू नसलीस तर ते... अधांतरी दिसेल."

"त्याच्या बापाकडं दे. त्याच्या मांडीवर बसव." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "दोघं एकाच ठिकाणी आहेत. तिथंच राहू देत. मी तिथं नाहीये."

खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मग मास्तर उठले. कपाटातून पांढऱ्या रंगाची मोठी नळी काढली, रंगपाटीवर पिळली, भिंतीला वापरतात तसा रुंद ब्रश घेतला. इतके महिने त्या हातानं मिशीच्या केसाएवढ्या ब्रशापलीकडं काही धरलं नव्हतं.

"वाळलंय सगळं," ते म्हणाले. "खरवडून निघणार नाही. वरून भरावं लागेल."

"भरा."

त्यांनी ब्रश तिच्या साडीच्या काठाला, खाली सतरंजीपाशी नेला.

"तिथून नको, अप्पा," अक्षता म्हणाली. "तोंडापासून."

मास्तरांनी तिच्याकडं बघितलं. मग ब्रश वर नेला. आधी हसणं गेलं. मग गाल, मग नंदीशकडं लागलेले ते डोळे. पांढऱ्या रंगाखाली त्यांचा आकार थोडा वेळ दिसत राहिला, रंगाचा दुसरा हात दिल्यावर तोही गेला. मास्तर रडत होते, पण हात थांबला नाही. शेजारी नंदीश त्या पांढऱ्याकडं बघून हसत राहिला. अक्षता शेवटपर्यंत उभी राहिली.

महादेवी तिच्याजवळ आली. तिला धरावं की धरू नये, हे तिला ठरवता येत नव्हतं.

"तू जाणार का मग?" तिनं विचारलं. "वैरागचं तर मोडलं. आता कशाला जातीस?"

"जाणार, अव्वा."

"कुठं?"

"ते अजून ठरलं नाही," अक्षता म्हणाली, आणि साडी बदलायला खाली गेली.